देवळालीच्या मास्तरांची संख्या

संख्या मोजण्यासाठी असते, ही आपली रोजची समजूत. खळ्यावर पोती मोजली, बाजारात पैसे मोजले की तिचे काम संपले. परंतु काही माणसे खुद्द संख्येकडेच पाहत राहतात आणि तिचा स्वभाव न्याहाळतात. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या शेजारी, नाशिकजवळच्या देवळालीस, असे एक शिक्षक होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. त्यामुळे कित्येक विद्वानांनी त्यांचे संशोधन केवळ करमणूक म्हणून बाजूस सारले.

जी. आय. पी. रेल्वेवरील डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्यांचा विचार सुचला. म्हणून त्या 'डेमलो संख्या' झाल्या. त्यांतील 'अद्भुत' संख्यांवर त्यांचा लेख १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सर्वांत देखणी संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. १११११११११ ला त्याच संख्येने गुणले की ती मिळते. कारण साधे आहे. गुणाकार मांडताना एकाच्या अंकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत खाली येतात. कडेच्या रकान्यात एकच एक पडतो, मधल्यात नऊ पडतात. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव कापरेकरांनीच दिले.

आता दहा एक घेऊन पाहा. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला! म्हणजे हा चमत्कार नव्हता. आपल्या दशमान लेखनाचा तो नियम होता आणि नियमाला सीमा होती.

हे सांगण्याचे कारण आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानातील १५३ माशांवर चिंतन करताना संत ऑगस्टीन यांनी दाखविले, की १ ते १७ यांची बेरीज १५३ होते. आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दाने. वरील संख्येचे सतरा अंक मोजताना आमच्याही मनात हा योग डोकावला. तो आम्ही तेथेच सोडला. ऑगस्टीन यांनी आकड्यातून प्रभूच्या वचनाकडे पाहिले, भविष्याकडे नव्हे. लग्नाच्या तारखेसाठी वा गाडीच्या क्रमांकासाठी धर्मगुरूंकडे 'शुभ अंक' विचारणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हा भेद ध्यानी घ्यावा.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांवर लिहिले आणि जगाने त्यांना ओळखले. १९८६ साली ते निवर्तले. आमच्या नगरच्या खेड्यांतही मिशनच्या मास्तरांनीच आपल्या वाडवडिलांना अक्षरे, पाढे आणि प्रार्थना शिकविल्या. त्यांच्याही वह्यांत काय काय होते, हे कोणी उघडून पाहिले आहे काय? वाचकहो, घरात अशी एखादी वही असल्यास ती रद्दीत टाकू नका.