‘द मिस्टीरियस युनिव्हर्स’चे पहिले प्रकरण

सर जेम्स जीन्स यांचा ‘द मिस्टीरियस युनिव्हर्स’ हा छोटेखानी ग्रंथ केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने नोव्हेंबर १९३० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात जीन्स यांनी केंब्रिज येथे दिलेल्या रीड व्याख्यानाचा तो विस्तार होय. आदल्या वर्षीच्या ‘द युनिव्हर्स अराउंड अस’ने त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला होताच. १९३७ मध्ये पेलिकन मालेत सहा पेन्सांची आवृत्ती निघाली आणि हा ग्रंथ अल्प उत्पन्नाच्या वाचकापर्यंतही पोहोचला. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे अध्यक्षपद, नियोजित अध्यक्ष रदरफर्ड यांच्या निधनामुळे, जीन्स यांच्याकडे आले. त्या वेळी आपल्याकडील सुशिक्षितांना ते मुख्यतः या लोकप्रिय ग्रंथांचे कर्ते म्हणूनच परिचित असावेत.

ग्रंथावर टीका झाली ती बहुतांशी शेवटच्या प्रकरणामुळे. विश्व हे यंत्रापेक्षा विचाराशी अधिक सदृश आहे, त्याचा रचयिता शुद्ध गणितज्ञ असला पाहिजे, ही मते त्यात आहेत. परंतु या प्रकरणाचे स्वरूप वेगळे असून उपलब्ध तथ्यांवरून स्वतःचे निष्कर्ष काढण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, असे जीन्स यांनी प्रस्तावनेतच बजावले होते. वाचक सावध होता. पहिल्या प्रकरणाच्या बाबतीत मात्र असा इशारा नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण तेथेच आहे.

त्या प्रकरणात सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक भटका तारा सूर्याच्या निकट आल्याची हकीकत येते. त्याच्या आकर्षणाने सूर्यावर प्रचंड भरती उसळली, तिचे शिखर तुटून त्याचे तुकडे झाले आणि तेच ग्रह होत. अशी गाठ पडणे अत्यंत दुर्मिळ. म्हणून ग्रह दुर्मिळ, आणि म्हणून जीवसृष्टीही जवळजवळ अपघातरूप. चेंबरलिन व मौल्टन यांच्या कल्पनेला जवळची असलेली ही उपपत्ती जीन्स यांनी १९१९ च्या आपल्या गणिती प्रबंधात सविस्तर मांडली होती. तेथे ती समीकरणांच्या आधाराने उभी होती, तिच्या मर्यादाही तज्ज्ञास दिसत होत्या. लोकप्रिय ग्रंथात समीकरणे गेली, ‘आम्हास असे वाटते’ एवढाच संकोच उरला, आणि अनुमानाला इतिहासकथनाचा घाट आला. त्यातून उपजणारी माणसाच्या एकाकीपणाची भीती वाचकाने विज्ञानाचा निर्णय म्हणून स्वीकारली.

सुझन स्टेबिंग यांनी ‘फिलॉसॉफी अँड द फिजिसिस्ट्स’ (१९३७) या ग्रंथात नेमके या भयोत्पादनावर बोट ठेवले. त्यांचा आक्षेप उपपत्तीवर नव्हता. काळ व अंतर यांचे प्रचंड आकडे भीतिदायक का वाटावेत, एवढेच त्या विचारतात. टीका काहीशी कठोर आहे, पण अन्याय्य नाही.

उपपत्तीचा पाडाव ज्योतिर्विदांनीच केला. ग्रहांचा कोनीय संवेग एवढा मोठा आहे की अशा भेटीने तो त्यांना मिळणे कठीण, हे हेन्री नॉरिस रसेल यांनी १९३५ मध्ये दाखविले. सूर्यातून ओढला गेलेला वायू इतका तप्त असेल की घनरूप होण्यापूर्वीच तो विखुरला जाईल, हे लायमन स्पिट्झर यांनी १९३९ मध्ये गणिताने सिद्ध केले. १९९५ नंतर तर सूर्यसदृश ताऱ्यांभोवतीचे ग्रह हजारोंनी सापडले आहेत. स्पिट्झर यांचा निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आला होता, सहा पेन्सांची आवृत्ती विकत घेणाऱ्याच्या हाती ते नियतकालिक पडण्याचा संभव फारसा नव्हता.