काच टिकते, फिल्म आंबते

मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर किंवा मिशन हॉस्पिटलवर काम करायचं म्हटलं, की कधीतरी कुणाच्या तरी माळ्यावरच्या निगेटिव्हपाशी जावंच लागतं. आपण धरून चालतो की जितकं जुनं, तितकं आधी नष्ट होणार. इथे बऱ्याचदा उलटं होतं. १९१० च्या सुमाराची काचेची प्लेट, फुटली नसेल आणि तिचा थर सुटला नसेल, तर आजही छापता येते. १९६५ ची फिल्म मात्र आक्रसून सुरकुतलेली सापडू शकते.

प्रतिमा कशावर आहे, हा खरा प्रश्न. काचेनंतर नायट्रेट फिल्म आली. ती पेटली की ऑक्सिजनही स्वतःच पुरवते, पाण्यानंही विझत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका क्लिनिकमध्ये १५ मे १९२९ ला साठवलेल्या एक्स-रे फिल्मनी पेट घेतला आणि शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक विषारी वायूनं. आपल्याकडे पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली.

म्हणून ॲसिटेटची 'सेफ्टी' फिल्म आली. १९५० नंतर बहुतेक ठिकाणी तीच. ती सहज पेटत नाही, पण उष्णता आणि ओल मिळाली की आंबते. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची नासाडी वाढवतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो तो याचा. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर हा वास सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. फ्रीजइतक्या थंडीत काही शतकं. मिरजेत मे महिना चाळिशीला टेकतो, जुलैत भिंती ओलसर. पत्र्याखालच्या माळ्यावर ४० वर्षं कुठली!

त्यामुळे एखाद्या दशकाचे फोटो मिळाले नाहीत, की 'कुणाला महत्त्व वाटलं नसेल' असं लगेच लिहू नका. आधी विचारा: फिल्म कोणती होती, कपाट कुठं होतं? सत्ता, जात, पैसा यांनी दप्तरं गाळली जातात हे आपण शिकतोच. तापमानानंही गाळली जातात.

निगेटिव्ह हाती आल्याच तर कडेवर 'सेफ्टी' छापलंय का पाहा. नायट्रेटची शंका आली तर घरी ठेवू नका, संग्रहालयाला कळवा. वास येणाऱ्या फिल्म वेगळ्या काढा. मालकांची परवानगी घेऊन, आधी स्कॅन करून, बाकीच्या कोरड्या दिवशी दोन हवाबंद पिशव्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. एक दिवस तशीच बंद राहू द्या.