तुऱ्याचं गोत्र

दिवाळीच्या आसपास पन्हाळ्यावरून खाली बघितलं की उसाच्या फडांवर रुपेरी तुरे हलताना दिसतात. फोटोला झकास. शेतकऱ्याचा जीव मात्र खालीवर होतो. शेंड्याला तुरा आला की कांडी वाढायची थांबते, ऊस बरेच दिवस उभा राहिला तर पांगशा फुटतात, आतून दशी पडते, वजन घटतं.

खरं तर तुरा म्हणजे उसाचा मोहर. मोहर म्हणजे फुलांचं लग्न, पण आपल्याकडं त्या लग्नाचं कुणाला कौतुक नाही, कारण लागण होते ती डोळ्याच्या कांडीनं. बेणं म्हणजे त्याच उसाचा तुकडा. अख्खा फड एकाच रोपाच्या नकला, आणि खोडवा तर त्याच बुडख्याचा.

उसाला पेरून उगवणारं बी येतं, हे मळेवाल्यांना पटायला एकोणिसावं शतक संपत आलं. १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोसमध्ये ते सिद्ध झालं. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं, कारण तिथं तुरा येतो आणि बीही धरतं. तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड, गोड उसाचा काशाच्या रानटी गवताशी संकर केला. त्यातून को २०५ हा वाण आला. पराग दुबळे असलेला तुरा मादी धरायचा, परागांनी भरलेला नर. बी राईहून बारीक, भुसभुशीत लवेत दडलेलं.

कोल्हापुरात घरोघरी माहीत असलेल्या को ८६०३२ ची सोयरीक बघा. आई को ६२१९८, बाप कोसी ६७१. बापाची आई क्यू ६३, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. बापाचा बाप को ७७५, आणि त्याची आई जावाची पीओजे २८७८, जिचा संकर १९२१ सालचा. नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. एवढी लांबलचक वंशावळ आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यांतही निघत नाही.

आता वऱ्हाड इतकं लांब न्यावं लागत नाही. आजऱ्याहून पुढं घाटमाथ्यावर आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं पैदास केंद्र आहे. शिवारात शिव्या खाणाऱ्या तुऱ्याची तिथं वाट बघतात.