समुद्राकडे पाठ

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढाया आणि किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आज लग्नाच्या फोटोंबद्दल बोलणार आहे, आणि तेही समुद्रकिनाऱ्यावर, तीस-चाळीस माणसांत होणाऱ्या लग्नाच्या. इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठलंही मराठी घर घ्या, अशी एखादी पत्रिका आता येतेच. जेवण, सजावट, हॉटेल यांची चर्चा महिनोन् महिने चालते. फोटोग्राफरनं उभं कुठं राहायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे, आणि तिला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत शोधली. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायचा. म्हणजे अंधारा तंबू सोबत हवाच. या काचेची एक खोड होती. निळा उजेड तिला फार लवकर लागायचा. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरंफटक व्हायचं. समुद्रावर तर दुप्पट पंचाईत. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास नॉर्मंडी आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर यावर तोड काढली. काही चित्रांसाठी त्यानं आकाशाची काच वेगळी घेतली, पाण्याची वेगळी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एक फोटो छापला. लोक थक्क झाले. पण त्या फोटोंत लाटा आहेत, ढग आहेत, गलबतं आहेत. हार घालायला थांबलेलं कुणी नाही.

आपल्याकडेही तीच गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीनं १८५५ पासून ॲडिसकोंबच्या आपल्या कॅडेटांना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. त्याच साली मुंबई सरकारनं कॅप्टन बिग्ज या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विजापूरकडच्या इमारतींचे फोटो काढायला धाडलं. अजिंठ्याचे मेजर गिल तर तुम्हाला ठाऊकच आहेत. आमचे हे पूर्वज भाग्यवान म्हणायचे, कारण गोलघुमट हलत नाही.

लग्न हलतं. म्हणून सुरुवातीला लग्नाचे फोटो लग्नात काढलेच जात नसत. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० चं, त्याचा फोटो नाही. १८५४ मध्ये रॉजर फेंटननं राणी आणि अल्बर्ट यांचे दरबारी पोशाखातले फोटो काढले, ते आजही लग्नाचे म्हणून खपवले जातात. आपल्या घरांतले जुने फोटो बघा. नवरा खुर्चीवर, बायको खांद्यामागे उभी, पाठीमागे रंगवलेला पडदा. लग्नानंतर कधीतरी स्टुडिओत जाऊन काढलेले.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि कॅमेरा हातात मावू लागला. एका रोलवर छत्तीस फोटो. आता फोटोग्राफर मांडवात शिरू शकला. शिरला तो असा शिरला की पुढं फ्लॅश आणि व्हिडिओचे दिवे आल्यावर तो दुसरा भटजीच होऊन बसला. ‘हार परत घाला’, ‘इकडं बघा’, ‘काका, जरा बाजूला’. पाहुण्यांनी लग्न पाहिलं ते कॅमेरावाल्याच्या पाठीवर. हिंदू विवाह कायद्यानं, जिथं सप्तपदी हा विधी आहे तिथं सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं. ते पाऊल फोटोसाठी पुन्हा टाकायला लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

अशा अल्बमचं काय होतं तेही नोकरीत पाहिलं. जवानाच्या बहिणीचं लग्न, त्याला रजा नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोटोंचं पाकीट पोस्टात येई. तो नवरा-नवरीवर फार वेळ घालवत नसे. त्याची नजर फोटोच्या कडांवर फिरायची. दारात कोण उभं आहे, घराला रंग दिला का, आजोबा काठी घेऊन आलेत का. मग एकच प्रश्न, ‘आई कुठंय?’ आई बहुतेक फोटोंत नसेच, कारण तिला कुणी ‘इकडं बघा’ म्हटलेलं नसायचं.

यावर उतारा काय? २१ सप्टेंबर १९९६ ला अमेरिकेत जॉन केनेडी ज्युनियर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न झालं, ते जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर. होडीनं जायचं, लाकडी छोटं चर्च, वीज नाही, मेणबत्त्या, पाहुणे चाळीसच्या आसपास. फोटोग्राफर डेनिस रेगी. तो केनेडींच्या नात्यातला, त्याची बहीण सिनेटर टेड केनेडींची पत्नी. चर्चमधून बाहेर पडताना नवरा नवरीच्या हातावर ओठ टेकवतो, तो फोटो जगभर गेला. त्यात कुणी कुणाला ‘उभं राहा’ म्हटलेलं नाही. चाळीस माणसांत फोटोग्राफर लपू शकत नाही. त्या चाळिसांपैकीच एक व्हावं लागतं. दूर उभं राहून लांब लेन्स लावणारा मला टेहळणीवर आलेला वाटतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी आजीशी ओळख करून घ्यावी, चहा प्यावा आणि दुसऱ्या दिवशी जवळ उभं राहावं. पुढं डिजिटल कॅमेरे मंद उजेडातही चालू लागले (२००७ चा निकॉन डी३ आयएसओ ६४०० पर्यंत जायचा), आणि फ्लॅशची सबबही गेली.

आता किनाऱ्यावर या. आदल्या दिवशी, त्याच वेळी, रेकी. भरतीचं वेळापत्रक पाहायचं, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते. कालची कोरडी जागा आज ओली असू शकते. कोकण-गोव्यात सूर्य समुद्रात बुडतो; पुरी किंवा पुदुच्चेरीला तो समुद्रातून उगवतो, तिथं सूर्यास्ताचा हट्ट चालत नाही. आपल्या अक्षांशावर मावळता सूर्य सुमारे चार मिनिटांत एक अंश उतरतो. मंगलाष्टकं म्हणायला आत्या उभी राहिली आणि तिला सगळी कडवी पाठ असली, तर उजेड डोळ्यांदेखत बदलतो.

मांडव समुद्राला लागून, पाहुण्यांची तोंडं पाण्याकडे, हा नेहमीचा थाट. फोटोग्राफर पाहुण्यांच्या बाजूनं फोटो घेतो, आणि ल ग्रेचं दुखणं परत येतं. आकाश साधलं तर चेहरे काळे, चेहरे साधले तर आकाश पांढरं. मधला मार्ग म्हणून फ्लॅशचा हलका उजेड टाकतात. मला तो आवडत नाही, चेहरे चिकटवल्यासारखे दिसतात.

याऐवजी माणसानं पाण्याच्या बाजूला जावं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. समोर अंतरपाट, वाऱ्यानं शिडासारखा फुगलेला, दोन मामांनी घट्ट धरलेला. त्याच्या कडेला उभ्या माणसाला दोघांचेही चेहरे दिसतात, जे अजून एकमेकांना दिसलेले नाहीत. एक सावधगिरी, आणि ही आम्हाला भरतीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात: आपली सावली. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असला की सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते. साडेपाच फुटी माणसाची तीस फुटांवर. सूर्याच्या रेषेत उभे राहिलात तर ती सरळ नवरीच्या शालूवर. म्हणून थोडं तिरकं उभं राहायचं.

यजमान म्हणतील, समुद्रासाठी एवढा खर्च केला आणि फोटोत समुद्रच नाही? दोन-चार फोटो समुद्राचे जरूर घ्या, विधी आटोपल्यावर. पण अंतरपाट खाली येतो आणि अक्षता वाऱ्यानं भलतीकडेच उडतात, त्या क्षणी मावळतीचा सगळा उजेड समोरून पडलेला असतो तो पाहुण्यांवर. पहिल्या रांगेत डोळे पुसणारा बाप, आजीच्या चष्म्याच्या काचेवर तांबूस ठिपका, आणि कडेला, हातात ताम्हन घेऊन, आई.