द्वादशीची भरती

आज तुम्ही कळंबच्या एका शेतकऱ्याची सून आहात. पुरुष वाचकांनीही पदर सावरून घ्यावा. तिच्या जागी बसल्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही.

साल 1852. माघ शुद्ध एकादशीची पहाट. बैलगाडीत भाताची तीन पोती आणि त्यांना टेकून तुम्ही. गिरगावात मामांकडे लग्न आहे, जाता जाता भातही विकायचं आहे. सासूबाईंनी उपासाची रताळी उकडून दिलीत. सुकटीच्या चटणीचं मडकं वेगळं बांधलंय, ते उद्या उघडायचं. ‘हे’ बैलांसोबत चालताहेत, चार पावलं पुढे. तुमच्याकडे बघायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, कारण सासरे वेशीपर्यंत पोचवायला आलेत.

नेरळच्या अलीकडे उल्हास नदी लागते. पाणी गुडघाभर, गाडी सहज पार होते. (भिवपुरीचं वीजघर 1922 साली सुरू झालं आणि त्याचं पाणी नदीत उतरू लागलं. त्याआधी या दिवसांत उल्हास म्हणजे डोह आणि धोंडे.) होडी इथे चालायची नाही. डावीकडे माथेरानचा डोंगर. दोन वर्षांपूर्वी ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढून गेला, तेव्हापासून साहेबलोक वर हवा खायला जाऊ लागलेत म्हणे. बदलापूर, अंबरनाथ मागे पडतात आणि रात्री कल्याणच्या धर्मशाळेत पाठ टेकते.

सकाळी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी मचवे उभे असतात. लाकूड, गवत, कौलं, भात. माणसं मिळेल त्या फटीत. तुम्हाला वाटतं, पोती चढली की निघायचं. तांडेल हसतो. “पानी चढू दे, बाय.”

त्याचा हिशेब असा. अवसेला नि पुनवेला मुंबईत भरती माध्यान्हीला आणि मध्यरात्री. पुढे दर तिथीला ती दोन घटका, म्हणजे साधारण पाऊण तास, मागे पडते. आजही किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात. बाराची पाऊणपट नऊ, म्हणून द्वादशीला नऊच्या सुमारास. कल्याणपर्यंत पाणी चढायला त्याहून उशीर. अष्टमीच्या आसपास निघालात तर भांगाचं पाणी, म्हणजे भरती येते पण उंची धरत नाही आणि ठाण्याच्या खडकांवर मचवा घासतो. पुनवेकडे झुकलेली द्वादशी त्याला पसंत. पंचांग ब्राह्मणाच्या घरी मुहूर्तासाठी आणि बंदरावर वेळापत्रक म्हणून, आणि मला विचाराल तर दुसरा उपयोग जास्त खरा.

ओहोटी लागते आणि मचवा सुटतो. बुडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आधी नाकात, मग डोक्यात जातो. खलाशी नारळाच्या करवंटीनं तळातलं पाणी उपसत राहतो. तुमच्या पायाला ते लागतं, कोमट, चिकट. शीड ठिकठिकाणी ठिगळ लावलेलं. काथ्याचा दोर हाताला काचतो. डावीकडे डोंबिवली, मग मुंब्र्याचा पारसिक डोंगर अगदी अंगावर येतो. पाणी चाखून बघता. खारट! घरून आणलेल्या पाण्याच्या चरवीवर तुम्ही हात ठेवता.

तिसऱ्या प्रहरी ठाण्याजवळ पाणी सरतं. मोठी खाडी उजवीकडे वळून वसईकडे जाते. मुंबईला जायचं तर ठाण्याच्या अरुंद, खडकाळ वाटेनं दक्षिणेच्या खाडीत शिरावं लागतं, तेही भरतीवर. नांगर पडतो. मचवा गाळात बसतो. निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारतात. समोर किल्ला: 1737 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, आता तुरुंग.

आणि आता कित्येक घटका काहीच करायचं नाही. हे तुमच्या आयुष्यात घडलेलं नाही. घरात ओसरीवर सासरे, चुलीपाशी सासूबाई, माजघरात जावा. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. इथे ओळखीचं कुणी नाही. मडकं उघडता, भाकरीवर चटणी घालून पुढे करता. ते शेजारीच बसतात.

“लहानपणी बापाबरोबर आलो होतो इथं,” ते म्हणतात. “रात्रभर रडलो होतो.”

“कशाला?”

“बैल कल्याणला राहिले म्हणून.”

तुम्हाला हसू फुटतं. मग धीर करून सांगता, “कपिलेचं वासरू गेलं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. मी बघितलं होतं.” ते काही बोलत नाहीत, पण उठूनही जात नाहीत.

पलीकडे कुणीतरी लोखंडी रुळांच्या गप्पा मारतंय. आगीनगाडी ठाण्यापर्यंत येणार, पुढे खाडीवर पूल पडणार. कुणाचा विश्वास बसत नाही. पुढच्याच वर्षी, 16 एप्रिल 1853 ला गाडी ठाण्यात येईल, 1854 मध्ये कल्याणला, 1856 मध्ये नेरळ-कर्जत करत खोपोलीला. मग कळंबच्या माणसाला नेरळ गाठलं की पुरे. सोय मोठीच. पण नवराबायकोला गाळात सहा तास अडकवून ठेवायची ताकद त्या गाडीत नव्हती.

रात्री पाणी चढतं, मचवा हलतो. चांदण्यात दोन खलाशी लांब बांबूंनी खडक चाचपत उभे. तांडेलाची कुजबुज, मग एकदम शिवी, बुडाखाली एक करकर, आणि पार. पुढे ओहोटी तुम्हाला ओढत नेते. मुलुंड-भांडुपकडची मिठागरं, तुर्भ्याची टेकडी, पाण्यापलीकडे घारापुरी. तुम्ही झोपत नाही. तेही नाही.

पहाटे बोरीबंदर. हमाल पोत्यांवर तुटून पडतात, भावावरून हुज्जत सुरू होते. तांडेल विचारतो, परत कधी? लग्न आटपून वद्य पंचमीला, असं ते सांगतात आणि बोटं मोजायला लागतात.

“माध्यान्हीनंतर दहा घटकांनी भरती,” तुम्ही पदराआडून बोलून जाता. “म्हणजे सकाळी ओहोटी सरली की बसायचं.”

तांडेल त्यांच्याकडे बघतो. “बरोबर सांगते बाय.”

“हो,” ते म्हणतात, “तिलाच विचारा.”