रंगीत चित्रपटाचे निगेटिव्ह आणि गुणवत्ता नियंत्रण : नजरेकडून मोजमापाकडे

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, नट, संगीतकार आणि क्वचित छायाचित्रकार यांची दखल घेतली जाते. चित्रित झालेली फिल्म जेथे रसायनांतून जाऊन प्रतिमेचे रूप धारण करीत असे, ती प्रयोगशाळा मात्र श्रेयनामावलीतील एका ओळीपुरतीच उरते. सेल्युलॉइडचे युग बहुतांशी ओसरल्यानंतर आणि जुन्या चित्रपटांच्या पुनरुद्धाराची कामे हाती घेतली जात असताना ही उपेक्षा अधिकच खटकते. प्रस्तुत लेखात रंगीत निगेटिव्हवरील रासायनिक प्रक्रियेचे गुणवत्ता नियंत्रण कसे आकाराला आले, याचा मागोवा घेतला आहे.

या विषयाचे मर्म निगेटिव्हच्या स्वरूपातच आहे. कारखान्यातून बाहेर पडणारा एखादा खिळा सदोष निघाला तर तो बाजूला काढून दुसरा घेता येतो. शंभरांतील दहा तपासून उरलेल्यांविषयी अनुमानही बांधता येते. कॅमेऱ्यातून आलेले निगेटिव्ह एकमेव असते. ते रसायनातून बाहेर पडेपर्यंत सेट मोडलेला असतो, नटाच्या तारखा संपलेल्या असतात, पावसाळा सरलेला असतो. तपासणीने दोष कळतो, पण टळत नाही. म्हणून येथे वस्तूची परीक्षा पुरेशी नाही. वस्तू ज्या प्रक्रियेतून जाणार त्या प्रक्रियेची परीक्षा, आणि तीही वस्तू आत जाण्यापूर्वी, करावी लागते. ही जाणीव एका दिवसात झाली नाही.

नजरेचा काळ

दादासाहेब फाळके यांनी १९१२-१३ मध्ये दादर येथील राहत्या जागेतच 'राजा हरिश्चंद्र'च्या फिल्मवर प्रक्रिया केली आणि सरस्वतीबाई फाळके यांनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत हात दिला, हे सर्वश्रुत आहे. त्या काळात जगभर हीच पद्धत होती. फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून टाकीत बुडवायची आणि मंद तांबड्या दिव्याच्या उजेडात ती कितपत 'आली' हे डोळ्यांनी पाहायचे. त्या वेळची फिल्म लाल प्रकाशाला असंवेदनशील असल्यामुळे हे शक्य होते. प्रतिमा फिकी वाटली तर आणखी एक मिनिट, गडद होऊ लागली तर तत्काळ बाहेर. येथे गुणवत्ता नियंत्रण म्हणजे जाणत्या माणसाची नजर होती, आणि ती नजर प्रक्रिया चालू असतानाच तिच्यात बदल करू शकत होती. छायाचित्रकाराने कमी-जास्त प्रकाश दिला असला, तरी तिला ती चूक काही अंशी सावरून घेता येई. ही पद्धत अशास्त्रीय म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

मोजमापाचे शास्त्र मात्र त्याआधीच जन्माला आले होते. इंग्लंडमधील विडनेस येथे अल्कली कारखान्यांत काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशाची मात्रा आणि फिल्मवरील काळेपणा यांचा संबंध वक्ररेषेने दाखविला. 'घनता' ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. ०.३० इतकी घनता वाढली की आरपार जाणारा प्रकाश निम्मा होतो, ०.०१ने वाढली तर सुमारे २.३ टक्के घटतो. चित्रपटाच्या प्रयोगशाळांनी हे शास्त्र बराच काळ दूर ठेवले, कारण नजरेवर त्यांचे काम भागत होते. ते आत आले बोलपटामुळे. ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशरूपात मुद्रित होऊ लागल्यावर, विशेषतः घनतेच्या चढउतारावर आधारलेल्या ध्वनिपट्टीत, प्रक्रियेतील चूक थेट कानाला खुपू लागली. डोळा जे खपवून घेत होता ते कानाने नाकारले. चौकटी आणि टाक्या मागे पडल्या, सतत चालणारी यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर संवेदनमापक व घनतामापक ही उपकरणे प्रयोगशाळेत स्थिरावली.

रंग आणि मक्तेदारी

रंगाच्या आगमनाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. महाराष्ट्राच्या दृष्टीने या संदर्भातील पहिला धडा 'सैरंध्री'चा आहे. कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यात स्थलांतरित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच वर्षी हा चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला गेले. परंतु हाती आलेल्या प्रतींतील रंग समाधानकारक नव्हते. येथे नोंद घ्यावयाची ती धाडसाच्या अपयशाची नव्हे. चित्रीकरण एका खंडात आणि रंगप्रक्रिया दुसऱ्या खंडात झाली, की चूक नेमकी कोठे झाली हे शोधण्याचा मार्गच उरत नाही, हे या अनुभवातून दिसते.

टेक्निकलर कंपनीने या अडचणीवर मक्तेदारीचा उपाय योजला होता. १९३२ पासूनच्या तिच्या तीन-पट्टी पद्धतीत कॅमेऱ्यात तीन कृष्णधवल निगेटिव्ह चालत आणि रंग प्रत्यक्षात प्रत छापताना चढविले जात. कॅमेरा कंपनीचा, तो हाताळणारा तंत्रज्ञ कंपनीचा, रंगसल्लागार कंपनीचा आणि प्रयोगशाळाही कंपनीचीच. गुणवत्ता घराबाहेर पडतच नसे. मेहबूब खान यांचा 'आन' (१९५२) १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होऊन टेक्निकलरमध्ये मोठा करण्यात आला, तो याच व्यवस्थेच्या आश्रयाने. ही व्यवस्था विश्वासार्ह होती. पण ती महागडी होती आणि मुंबई-मद्रासच्या निर्मात्याच्या हातात तिची कोणतीच किल्ली नव्हती.

संदर्भ-पट्टीचा अंमल

१९५० मध्ये ईस्टमन कोडकने रंगीत निगेटिव्ह बाजारात आणले. एकाच फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असे थर, आणि प्रत्येक थरात विकसनाच्या वेळी अनुक्रमे पिवळा, किरमिजी व निळसर-हिरवा रंग तयार करणारी द्रव्ये, अशी तिची रचना होती. या रंगद्रव्यांतील अशुद्धीची भरपाई करण्यासाठी फिल्मलाच नारिंगी छटा दिलेली असे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा 'रॉयल जर्नी' (१९५१) हा या फिल्मवरील आरंभीचा मोठा माहितीपट होय. ही फिल्म साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यात चाले आणि योग्य यंत्रसामग्री असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत धुता येई. युरोपात आग्फाच्या तंत्रावर आधारलेल्या गेव्हाकलरसारख्या फिल्मही याच सुमारास प्रचारात आल्या. रंग मक्तेदारीतून मुक्त झाला.

मात्र या मुक्तीची किंमत होती. नजरेचा आधार आता सर्वस्वी संपला होता. तिन्ही रंगांना संवेदनशील असलेल्या फिल्मवर संपूर्ण अंधारातच प्रक्रिया करावी लागते. समजा डोकावता आले असते, तरी उपयोग नव्हता. कारण विकसनाच्या टप्प्यात चांदी आणि रंग एकत्र असतात, त्यांवर नारिंगी छटेचा पडदा असतो आणि तीन थरांपैकी एकालाच थोडे अधिक विकसित करण्याची सोय कोणत्याही जाणकारापाशी नसते. शिवाय हजारो मैल दूर असलेल्या असंख्य प्रयोगशाळांत तीच फिल्म तशीच उतरावी, ही जबाबदारी उत्पादकावर आली होती.

त्याचे उत्तर म्हणजे नियंत्रण-पट्टी. ठराविक पायऱ्यांनी वाढत जाणारा प्रकाश काटेकोरपणे देऊन ठेवलेली फिल्मची ही छोटी पट्टी. ती प्रयोगशाळा स्वतः संवेदनमापकावर तयार करी किंवा उत्पादकाकडून घेई. उत्पादकाने स्वतःच्या देखरेखीखाली विकसित केलेली संदर्भ-पट्टी तुलनेसाठी असे. पाळी सुरू होताना आणि नंतर ठराविक अंतराने नियंत्रण-पट्टी यंत्रातून काढायची, तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून तिची घनता मोजायची आणि संदर्भ-पट्टीपासूनचे अंतर आलेखावर मांडायचे. बिंदू मर्यादेत असतील तरच निर्मात्याचे निगेटिव्ह आत जाईल. जिचे बरेवाईट झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही अशी पट्टी पुढे पाठवून, जिचे बिघडले तर सर्वस्व बिघडते त्या फिल्मचा मार्ग निर्धोक करणे, असा हा व्यवहार होता.

आलेखाची कल्पना अर्थातच चित्रपटाची नव्हे. वॉल्टर श्युहार्ट यांनी ती १९२४ मध्ये दूरध्वनी-उद्योगाच्या संदर्भात मांडली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वाभाविक असतो आणि काहींना शोधून काढण्याजोगे कारण असते, हा त्यांचा भेद. चित्रपट-प्रयोगशाळेत तो फार मोलाचा ठरला. कारण स्वाभाविक चढउताराला दोष समजून रसायनात सारखी ढवळाढवळ करणारा तंत्रज्ञ प्रक्रिया सुधारण्याऐवजी बिघडवतोच.

येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी लागते. चित्रपटात निगेटिव्हचे तुकडे चित्रीकरणाच्या क्रमाने नव्हे, तर कथेच्या क्रमाने जोडले जातात. आठवड्यांच्या अंतराने धुतलेले दोन तुकडे पडद्यावर शेजारी येतात. 'शोले' (१९७५) मधील दिवे मालवणारी नायिका आणि माऊथ ऑर्गन वाजवणारा जय हा छोटा प्रसंग छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी सांजवेळेच्या मोजक्या मिनिटांत, सुमारे २० दिवस थांबून टिपला, हे प्रसिद्ध आहे. दिवेचांची चिकाटी सर्वांना दिसते. परंतु वेगवेगळ्या दिवशीची ती सायंकाळ पडद्यावर एकच वाटावी, यासाठी प्रयोगशाळेतील विकसनद्रव्यही त्या सर्व दिवशी एकसारखेच वागावे लागते. प्रयोगशाळेकडून मागणी होती ती सुंदर रंगाची नव्हे, एकसारखेपणाची.

४१.१ अंश

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ईस्टमन निगेटिव्हचे विकसन २५ अंश सेल्सिअसच्या आसपास होत असे. १९७४ च्या नव्या फिल्मबरोबर ईसीएन-२ ही प्रक्रिया आली. तिच्यात विकसनद्रव्याचे तापमान ४१.१ अंश आणि विकसनाचा काळ अवघा ३ मिनिटे. प्रथम फिल्मच्या पाठीवरचा काजळीचा थर सैल करून पाण्याच्या फवाऱ्याने काढला जातो. त्यानंतर विकसन, ते थांबविणारे आम्ल, चांदीचे विरंजन, स्थिरीकरण, मधली धुलाई आणि शेवटचे खळबळणे. विरंजन व स्थिरीकरण यांच्या तापमानात अंशभराचे इकडेतिकडे चालते. विकसनाला मुभा आहे ती केवळ अंशाच्या एक-दशांशाची.

ही मुभा इतकी अरुंद का, याचे उत्तर वेगात आहे. रासायनिक क्रिया जितकी जलद, तितकी तापमानातील लहानशी चूकही अधिक परिणाम करते, आणि ती सुधारण्यासाठी मिळणारा अवधी तितकाच आखूड होतो. उत्पादनक्षमता वाढली, त्याबरोबर शिस्तही वाढवावी लागली. उष्ण प्रदेशातील प्रयोगशाळांना मात्र एक अनपेक्षित लाभ झाला असे म्हणता येईल : विकसनद्रव्य उन्हाळ्यात थंड राखण्याच्या कसरतीऐवजी आता ते गरम राखायचे होते, आणि तापवणे हे थंड करण्यापेक्षा नेहमीच सोपे.

तापमान हा एकच शत्रू नव्हे. धुतल्या जाणाऱ्या प्रत्येक फुटाबरोबर विकसनद्रव्य खर्च होते आणि फिल्ममधून सुटणारे ब्रोमाइड त्यात साचून विकसनाला आवर घालते. त्यामुळे ठराविक प्रमाणात ताजे द्रव्य सोडत राहावे लागते. त्याचे प्रमाण चुकले तर बिघाड एका रात्रीत दिसत नाही. आलेखावरील बिंदू दिवसेंदिवस एकाच दिशेने सरकत राहतात. अनुभवी नियंत्रकाला मर्यादेबाहेर उडालेल्या एका बिंदूपेक्षा मर्यादेच्या आत राहून सतत उतरणाऱ्या सात-आठ बिंदूंची धास्ती अधिक वाटावी, ती यामुळेच.

या आलेखाचे वाचन वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे आहे. तिन्ही रंगांची घनता एकत्र वाढली तर तापमान किंवा वेळ संशयित. प्रकाश न पडलेल्या भागाचीच घनता वाढली तर द्रव्यात दुसऱ्या टाकीचे मिश्रण झाले असावे. केवळ तांबड्या गाळणीतील घनता घसरली तर विरंजन अपुरे आणि निळसर-हिरवा रंग पुरता तयार न झालेला. म्हणजे नजर हद्दपार झाली नाही. फिल्मवरून उठून ती आलेखावर येऊन बसली. आणि दोषाचा अर्थही सापेक्ष असतो : जपानी छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी 'ओतोतो' (१९६०) साठी विरंजनाचा टप्पा वगळून, चांदी राखून, मंद रंगांची प्रतिमा मिळवली. हा अपवाद करण्यासाठीही प्रक्रिया आधी काबूत असावी लागते.

एक धोका नियंत्रणाच्या रचनेतच दडलेला होता. प्रत छापताना तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश सूक्ष्म पायऱ्यांनी कमी-जास्त करता येत असल्यामुळे निगेटिव्हमधील मध्यम स्वरूपाचा बिघाड छपाईत झाकला जाई. दाखवलेली प्रत ठीक दिसे आणि निर्माता समाधानाने घरी जाई. पण तीन थरांची तीव्रताच परस्परांपासून ढळली असेल, तर मध्यम छटा जुळवताना सावल्या हिरवट किंवा उजळ भाग किरमिजी होतात. ते कोणत्याही छपाईने सावरत नाही. यावर उपाय म्हणून कोडकच्या जॉन पिटलाक यांनी प्रमाणित करड्या ठोकळ्यावर आधारलेली, प्रत्येक पिढीच्या प्रतीसाठी निश्चित घनता सांगणारी पद्धत रूढ केली.

निगेटिव्हचे उत्तरायुष्य

आलेखावर न दिसणारे दोषही होते. रंगद्रव्ये काळानुसार विटतात, आणि शेवटच्या टाक्यांतील हयगयीमुळे मागे राहिलेली रसायने त्यात भर घालतात. अशी फिल्म पहिल्या दिवशी निर्दोष मोजली जाते. मार्टिन स्कोर्सेसे यांनी १९८० मध्ये रंग विटण्याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा उत्पादकांनी अधिक टिकाऊ फिल्म देण्याकडे लक्ष वळवले. परंतु आधीच्या दशकांतील चित्रपट मागील द्रव्यांवरच उभे होते. फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन थांबविले, त्याच सुमारास भारतातील मोठ्या प्रयोगशाळांची यंत्रेही एकामागून एक बंद पडली.

जुने निगेटिव्ह आज तपासणाऱ्याला मात्र काही साक्ष अजूनही मिळू शकते. चौकटींमधल्या, प्रकाश न पडलेल्या पट्ट्यांची घनता मोजता येते. रंग जोडापाशी एकदम बदलत असेल तर संशय त्या त्या दिवशीच्या प्रक्रियेवर जातो. रिळाच्या बाहेरून आत क्रमाने बदलत असेल तर साठवणुकीवर. 'शोले'चा पुनरुद्धारित अवतार २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आला, तेव्हा मूळ कॅमेरा-निगेटिव्ह कमालीचे खराब झालेले असल्यामुळे काम मधल्या पिढीच्या प्रतींवरून करावे लागले होते.