सहा पेन्सांचे तिकीट

पुस्तक प्रकाशित झाले की सोहळा होतो, पाहुण्यांची भाषणे होतात, लेखक दोन शब्द बोलतो आणि मग त्याच्या टेबलापुढे वाचकांची रांग लागते. अशा रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. लेखकाने मान वर करून आपले नाव विचारावे, एवढ्याचेच केवढे अप्रूप! मात्र लेखकाची ही भेट केवळ स्वाक्षरीपुरती नसते, हे ज्याने आपल्या आयुष्याने दाखवून दिले, त्या चार्ल्स डिकन्सची आठवण येथे करावीशी वाटते.

डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' ही नाताळची कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, १८५३च्या नाताळात, बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी त्याने तीन वाचने केली. त्यांपैकी ३० डिसेंबरचे वाचन कामकरी लोकांसाठी असावे आणि त्याचे तिकीट सहा पेन्सच ठेवावे, असा आग्रह त्याचा स्वतःचा होता. कथेतला गरीब कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो. त्याच्या मिळकतीचा हा तिसावा भाग. त्या रात्री सुमारे अडीच हजार माणसे जमली. कारखान्यांत राबणारी ती माणसे आपल्यासारख्याच एका कुटुंबाची कथा प्रत्यक्ष लेखकाच्या तोंडून ऐकत होती.

ग्रंथ कानांनी ऐकणे आपल्याला नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांत असेच गाऊन ऐकवले जाई. पण कादंबरीकाराने व्यासपीठावर उभे राहून आपलीच पात्रे वठवावीत, हे इंग्लंडातील प्रतिष्ठितांना रुचणारे नव्हते. १८५८ साली डिकन्सने स्वतःच्या मिळकतीसाठी वाचने सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा त्याचा जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर याने कडाडून विरोध केला. पैसे घेऊन असे उभे राहणे लेखकाला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. डिकन्सने ते मानले नाही. पुढच्या बारा वर्षांत त्याने सुमारे ४७० वाचने केली. १८६७-६८च्या अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्कला तिकिटांसाठी लोक कडाक्याच्या थंडीत रात्रभर रांगेत उभे राहिले. परदेशी लेखकांच्या हक्कांना तेव्हा त्या देशात संरक्षण नव्हते. तेथील प्रकाशक त्याची पुस्तके बिनदिक्कत छापून विकत. या एका दौऱ्याने मात्र त्याला सुमारे १९,००० पौंड मिळाले.

पण पैसा हे एकच कारण नव्हते. समोरच्या माणसांचे हसणे आणि हुंदके यांची त्याला जणू चटक लागली होती. १८६९च्या जानेवारीपासून तो 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचू लागला. त्या प्रसंगाने श्रोते थरारत. वाचणाऱ्याच्या नाडीचे ठोकेही शंभराच्या कितीतरी पुढे जात. एप्रिलमध्ये प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी दौरा थांबवला. तरीही १८७०च्या आरंभी लंडनला निरोपाची बारा वाचने झालीच. डॉक्टर जातीने हजर राहत. वडील जरा जरी डळमळले तरी धावून त्यांना सावरायचे, अशी ताकीद थोरल्या मुलाला देऊन त्याला व्यासपीठाजवळ बसवले होते. वाचनाच्या खोलीत बापाकडे असे टक लावून बसावे लागलेल्या त्या मुलाचे काय झाले असेल!

आम्हांस वाटते, प्रतिष्ठेच्या प्रश्नावर फॉर्स्टर चुकला. बर्मिंगहॅमच्या त्या रात्रीपुढे तसली प्रतिष्ठा किती तोकडी! पण नॅन्सीच्या बाबतीत मित्रांनी दिलेला इशारा खरा ठरला.

१५ मार्च १८७० रोजी शेवटचे वाचन झाले. डिकन्सने त्यासाठी पुन्हा 'कॅरल'च निवडली होती. वाचन आटोपल्यावर त्याने थोडक्यात श्रोत्यांचा निरोप घेतला. लवकरच आपली नवी कादंबरी तुमच्या घरी येईल, असे सांगितले. कादंबरीचे मासिक भाग येऊ लागले. ते बारा व्हायचे होते. सहा लिहून झाले आणि ९ जूनला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, डिकन्स गेला.